आधी ओझं
विलायतेहून मागवलेले, चाकांच्या दांड्यांच्या सांध्यात बसणारे रबरी बुश यायला आठ महिने लागले. शेंद्र्याच्या खंडेराव मिस्त्रींनी ते साबणाच्या पाण्यात बुडवून माझ्या वडिलांच्या जुन्या स्पोर्ट्स कारला अलगद बसवले. गाडी जॅकवर होती. नट आवळायला मी पाना उचलला, तसे मिस्त्री ओरडले, "थांबा! असं चाकं लोंबकळताना आवळलं तर वजन पडल्यावर रबर पिळून फाटंल. आधी गाडी खाली घेऊ." चाकं टेकल्यावर त्यांनी मला सीटवर बसवलं, पाना घेऊन स्वतः गाडीखालच्या खड्ड्यात उतरले. मी विचारलं, "हे कुठं शिकलात?" "आमचा बा मेंढरांमागं फिरायचा. घोड्यावर बिऱ्हाड लादायचा, वर मला बसवायचा, मगच पोटाखालचा पट्टा, तंग, आवळायचा. रिकाम्या पाठीवर आवळला तर वाटेत काचतो, साहेब." मी गाडीच्या कंपनीचं दुरुस्तीचं इंग्रजी पुस्तक उघडलं. शेवटची ओळ मी वाचलीच नव्हती. खालून आवाज आला, "काय लिवलंय त्यात?" "मिस्त्री, तुमच्या वडिलांचंच म्हणणं."