महादेवची टोपली

प्रभादेवीच्या वळणावर कुशाबाने बैलगाडी थांबवली, मागेपुढे पाहिले आणि दोन टोपल्यांच्या चिंध्या बदलल्या. तांबडी होती तिथे निळी बांधली, निळीच्या जागी तांबडी. आता महादेवची टोपली त्याची झाली.

परळच्या वाडीतल्या माळ्यांनी मिळून मंडळी केली होती. एकट्यादुकट्याला वरळीच्या कोळणी खत देत नसत, मंडळीला मात्र गाडीभर मिळे. सुक्या मासळीचे हे खत गुणवंती कोळीण भरून ठेवी. भांडण नको म्हणून प्रत्येकाच्या टोपलीला आपापल्या रंगाची चिंधी असे.

पण महादेव दिसला की गुणवंती हसून बोले, आणि गेल्या साली वांगी महादेवचीच सरस झाली होती. कुशाबाच्या पोटात तेव्हापासून दुखत होते. बाई त्याला निवडक माल देते, यात त्याला शंकाच उरली नाही. म्हणून यंदा गाडी हाकायचे काम त्याने मागून घेतले. मंडळी म्हणाली, माणूस असावा तर असा!

घरी सुभद्रा वाट पाहत होती. आदल्या दिवशी दादरला भाजी विकायला म्हणून गेलेली, दमून आलेली, तरी पुढे आली.

"आणलंत? बघू तरी कसं आहे!"

"टोपलीला हात लावू नकोस. वास जात नाही."

सगळे खत त्याने एकट्याने मातीत मिसळले.

दसऱ्याला ज्याचे पीक उत्तम, त्याला विहिरीकाठचा तुकडा मिळायचा. कुशाबाची जमीन पार टोकाला. पाणी वाहून सुभद्राची कंबर मोडली होती. तो तुकडा त्याला तिच्यासाठी हवा होता, आणि महादेवला मिळू नये म्हणूनही हवा होता. यातले जास्त कोणते, हे त्याचे त्यालाच ठाऊक.

चार महिने गाडी वळणावर थांबत राहिली. तरी महादेवची झाडे वांग्यांनी वाकली आणि कुशाबाची आपली बेताचीच. त्याला रात्र रात्र झोप येईना.

दसऱ्याला तुकडा महादेवला मिळाला. पंचांसमोर कुशाबाचा तोल सुटला.

"ह्या गुणवंतीनं केलं! चांगलं खत त्याला, गाळ आम्हाला!"

खताचा हिशेब करायला वाडीत आलेली गुणवंती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. सुभद्रा मान हलवून तिला गप्प राहायला खुणावत होती, पण कोळीण कसली गप्प बसते!

"मी गाळ देतंय? नको सांगू म्हनाली म्हनून इतके दिस तोंड शिवून होतंय. कुशाबादादा, दर गाडीच्या आदल्या दिशी तुमची सुभद्रा वरळीला येते, दिसभर माझी मासली कुटते, आनि त्या बदल्यात निवडून निवडून तुमची टोपली सोताच्या हातानं भरते!"