नवी मंदा

“ही मंदा नोहे,” जमुनाबाई म्हणाली आणि तांदूळ पाखडायचं सूप खाटेवर आदळलं.

कामठ्यातल्या त्या घरात ‘रात्रपाळीचा तपास’ मालिकेचा रात्रीचा भाग दुपारी पुन्हा पाहिला जायचा. खून साहेब सोडवायचे, म्हणजे नावाला. खरा सुगावा लावायची ती त्यांची हवालदारीण मंदा. दिवाळीनंतर मंदाचं काम करणारी नटीच बदलली. नाव तेच, वर्दी तीच, बाई दुसरी. का बदलली, कुणी चकार शब्द सांगितला नाही. बघणारे काय बिनडोक असतात?

“काऊन, काय वाईट हाये?” सुलोचनाबाई म्हणाल्या. जमुनाबाईची ही थोरली नणंद उद्याच्या पूजेसाठी आमगावहून आली होती. “नवी चटचट चालते. जुनी नुसती नाक वर करून वास घेत बसे.”

“त्याच वासावर तिनं विहिरीतला खून पकडला, मोठ्याबाई. हे वास घ्याचं सोंग करून रायली. जुनीवानी नाक वर केलं का झाली मंदा?”

चहा घेऊन आलेली चेतना दारातच थांबली. या घरच्या मुलाशी, उमेंद्रशी, तिचं लग्न होऊन महिना झाला होता. ती त्याची दुसरी बायको. पहिली, टीना, काविळीनं गेली. तिचा हार घातलेला फोटो टीव्हीच्या वरच टांगलेला, त्यामुळे मालिका बघायची तर टीनाकडेही बघावंच लागायचं.

“अवं, सांगतीन तसं करते बिचारी,” मंगरू म्हणाला. “पोटासाठी करून रायली. चांगलं करते.”

“चांगलं करते म्हणूनच तर आग होते माही,” जमुनाबाई नवऱ्यावर उखडली. “जुनी कुठी गेली? मेली का पळाली? एकानं तरी इचारलं? अन् तो साहेब पाहा. इतकी वर्सं जुनीच्या भरोशावर खुनी पकडले, आता हिले मंदा मंदा करून रायला. जीभ अडत नाई त्याची?”

मंगरूनं चेतनाच्या ट्रेमधली कपबशी उचलली आणि तो अंगणात निघून गेला.

लेकी बोले सुने लागे. चेतना काही दूधखुळी नव्हती. गेले कित्येक दिवस हेच चाललं होतं. नवीनं टोपी सरळ केली तरी सासूला खुपायचं, हसली तरी खुपायचं. जुनी अशी होती, जुनी तशी होती. बरं, तोंडावर बोलावं ना माणसानं. टीव्हीच्या आडून कशाला?

आणि उद्या तर कहरच होता. लग्न कोर्टात झालं, त्यामुळे नवरीचं नाव ठेवायचं राहून गेलं होतं. उद्या नागऱ्याच्या महादेवापुढे ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीनं नाव लिहायचं होतं. ते नाव सुलोचनाबाईंनी ठरवून टाकलं होतं. टीना. पहिलीचं नाव दुसरीला दिलं की मेलेलीचा जीव घरात घुटमळत नाही म्हणे. उमेंद्रला विचारलं, तर “आत्याले वाईट वाटीन, नावात काय ठेवलं हाये,” असं म्हणून तो गोंदियाला राईस मिलवर निघून गेला. त्याचं नाव कुणी बदलत नव्हतं, त्याला काय जातंय म्हणायला.

बिरसीच्या विमानतळावरचं शिकाऊ विमान छपरावरून घरघरत गेलं आणि साहेबांचं वाक्य त्यात बुडालं.

“जमुना, आवाज वाढव,” सुलोचनाबाई म्हणाल्या. जमुनाबाई हलली नाही. “अवं जमुना.”

“हव.” तिनं रिमोट उचलला.

पहिल्या हाकेला ती सहसा ओ द्यायचीच नाही. कानानं कमी ऐकते, असं सगळे धरून चालायचे. चेतनाही तिच्याशी जरा मोठ्यानंच बोलायची.

पडद्यावर साहेबांनी हाक मारली, “मंदा.” नवी लगबगीनं पुढे आली.

“पाहा, आली लगेच. लाज नाई,” जमुनाबाई म्हणाली. “म्हनाव न, मी मंदा नोहो म्हनून.”

चेतनानं ट्रे खाली ठेवला. आता गप्प बसणं होणार नव्हतं.

“आई, राग माझा आहे तर मला बोला. त्या नटीला कशाला शिव्या देता? मी काही टीनाताईंची जागा हिसकून घेतलेली नाही. आणि त्यांचं नावही मला नको. उद्या त्या ताटात टीना लिहिलं, तर मी पाटावरून उठून जाईन. मग मला माहेरी पाठवा नाहीतर काय वाट्टेल ते करा. मी चेतना आहे.”

“जीभ पाहा इची,” सुलोचनाबाई कडाडल्या. “आपल्या घरची रीत हाये ते. कालची आलेली तू, तुले काय समजते? आतापावेतो कोनी नाई म्हनलं नाई. जमुना, सांग इले.”

चेतनानं सासूकडे पाहिलं. आता निकाल लागणार, आणि तो कुणाच्या बाजूनं लागणार हेही तिला ठाऊक होतं. तिनं मनातल्या मनात पिशवी भरायलाही घेतली.

जमुनाबाईनं टीव्ही बंद केला.

“उद्या ताटात चेतनाच लिहू, मोठ्याबाई. नाई तं पूजाच नाई.”

“तुले येड लागलं का?” सुलोचनाबाई म्हणाल्या. “अन् रीत?”

जमुनाबाई सुनेकडे वळली.

“जमुना उमेंद्रच्या सख्ख्या मायचं नाव होय. माहं शामकला.”