बाकाचं डावं टोक

"डाव्या हातानं? छे!" गुरुजींनी पेन्सिल टेबलावर टाकली. "जन्मभर पोरांना गिरवायला लावलं, आता मी गिरवू?"

अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांचा उजवा हात मांडीवर निपचित पडलेला असायचा. व्यायाम करून घ्यायला येणारी मी त्यांचीच विद्यार्थिनी, हे त्यांच्या गावीही नव्हतं. मीही ओळख दिली नव्हती. दिली असती तर जुन्या गप्पांत आणि चहापाण्यात व्यायाम राहिला असता.

मला दुसरीचा वर्ग आठवला. मी डावखुरी. लिहिताना माझं कोपर शेजारणीला लागायचं, तिची अक्षरं बिघडायची आणि आधीच्या बाईंची पट्टी माझ्या हातावर बसायची. मग गुरुजी आले. पहिल्या दिवशी त्यांनी नुसतं पाहिलं. दुसऱ्या दिवशी माझं दप्तर उचलून बाकाच्या डाव्या टोकाला ठेवलं. "हात नाही बदलायचा, जागा बदलायची," एवढंच म्हणाले.

आता मी टेबल ओढून त्यांच्या डाव्या अंगाला घेतलं, कागद तिरका ठेवला, पेन्सिल उचलली आणि माझ्या डाव्या हातानं मोठा 'ग' काढला.

गुरुजी माझ्या हाताकडे बघत राहिले. मग चेहऱ्याकडे.

"कोपर लागतंय का गं अजून कुणाला?" त्यांनी विचारलं, आणि पेन्सिल घ्यायला डावा हात पुढे केला.