कापलेली पहिली फरशी

आप्पांनी खोक्यात हात घातला. सातच फरशा उरल्या होत्या आणि दारापुढची शेवटची रांग बाकी होती.

बाजूला उभ्या त्यांच्या लेकीने फरशा पुन्हा मोजल्या. या रंगाची फरशी कारखान्याने कधीच बंद केली होती. एक जरी कमी पडली, तर दवाखान्याचा अख्खा हॉल उखडायचा, आणि बापाची लाज जायची ती तिच्यापायी.

नकाशा तिचाच होता. काम सुरू होण्याआधी संगणकावर तिने हॉलची आकृती काढली आणि आत फरशीच्या मापाच्या चौकटी भरल्या. त्या आपोआप कोपऱ्यापासून सुरू झाल्या, अगदी आप्पांच्या पद्धतीने, आणि दारात दोन बोटांची भिकार पट्टी उरली. मग तिने फटींची रुंदी बदलली, चौकटींची सगळी जाळी दाराशी जुळेपर्यंत केसभर तिरकी केली आणि कापाकापी मागच्या भिंतीला, कपाटांखाली ढकलली.

"म्हणजे पहिलीच फरशी कापून लावू?" आप्पा भडकले होते. "चाळीस वर्षं मी काय गवत उपटत होतो?"

"एका टोकाला सहा बोटांचा तुकडा, दुसऱ्या टोकाला चार. भिंतच वाकडी आहे, आप्पा."

"भिंत नाही, तुझं डोकं वाकडं आहे."

पण ती चहा आणायला गेली तेवढ्यात त्यांनी गुपचूप दोरी धरून भिंत तपासली, आणि मुकाट्याने कटर हातात घेतलं. त्याला आता चार दिवस झाले होते.

सातांतली पाचवी बसली. सहावी बसली. आप्पा मागे सरकत दाराबाहेर आले. सातवी त्यांनी एका कडेने टेकवली, तळव्याने दाबली, रबरी हातोडीचे दोन ठोके दिले. उंबरठ्यापर्यंत बरोबर एका फटीची जागा उरली. खोकं रिकामं झालं.

लेकीला नाचावंसं वाटलं, आणि ती नाचलीसुद्धा, पॅसेजमध्ये, डोक्यावरच्या हेल्मेटसकट. पालथे पडून, एक डोळा मिटून, आप्पा मागच्या भिंतीपर्यंत गेलेल्या सरळसोट रेघा बघत राहिले.

तेवढ्यात वायरमन शिडी घेऊन आला आणि त्याने आत जायला पाय उचलला.

"ए, थांब तिथंच!" आप्पा असे गरजले की शिडी हातातून सुटता सुटता राहिली. "पाय ठेवशील तर याद राख. माझ्या लेकीची फरशी आहे ती!"