बघून येत नाही

थोरलीने स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा बोटभर सरकवला आणि फटीला डोळा लावला. मागच्या अंगणात तिच्या धाकट्या जावेने इस्त्रीचं जुनं टेबल मांडलं होतं. टेबलावर फौजदार उभा होता.

फौजदार म्हणजे शेजारीच खुर्चीवर बसलेल्या निवृत्त मास्तरांचा कुत्रा. अंगभर केसांचा नुसता गुंता, आणि स्वभाव नावाला शोभेल असा. आजवर दोघांना चावला होता. त्यातली एक खुद्द थोरली. मनगटाला तीन टाके पडले होते. मास्तरांना इकडे पाठवलंही थोरलीनेच. "आमच्या धाकटीकडे न्या, तिचा हात फार हलका आहे," असं तिने अगदी गोड आवाजात सांगितलं होतं. डाव्या कानाला हात लागला की हा चावतो, एवढं मात्र सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, तिने ते राहू दिलं.

मन एवढं खालच्या थराला जातं ते उगाच नाही. थोरलीचं कुत्र्यांचे केस कापायचं दुकान हमरस्त्यावर होतं. भिंतीवर काचेच्या चौकटीत कोर्सचं प्रमाणपत्र लावलेलं. त्यासाठी ती परगावी एका खोलीत चौघीजणींबरोबर सहा महिने राहिली होती. ती डावखुरी. वर्गात सगळे हसायचे, शिकवणारे वैतागायचे. शेवटी तिने डावखुऱ्यांची खास कात्री लांबून मागवली आणि सगळ्यांच्या नाकावर टिच्चून पहिली आली.

आणि ही? ना कोर्स, ना दुकान, ना धड कात्री. दोन वर्षं रोज दुपारी थोरलीचा डबा घेऊन दुकानात यायची आणि तिचं हातातलं काम संपेपर्यंत बाकावर पाय हलवत बसून राहायची. एकदा भीत भीत म्हणाली, "ताई, मला शिकवाल?" थोरली हसली होती. "अगं, त्याला कोर्स करावा लागतो. बघून येत नाही ते."

 धाकटीने गल्लीतली भटकी कुत्री धरली, त्यांना आंघोळी घातल्या, त्यांच्यावर हात साफ करून घेतला, आणि एक दिवस अंगणात टेबल मांडलं. आता थोरलीची जुनी गिऱ्हाईकं दुकानावरून सरळ पुढे जात आणि घराला वळसा घालून मागच्या फाटकातून आत येत. येताना थोरलीला हात करायलाही विसरत नसत. तिचा नुसता जळफळाट व्हायचा.

"कात्री तरी धरता येते का बघा," थोरली पडद्याआड पुटपुटली. खरंच, धाकटी कात्री अवघडल्यासारखी धरत होती. पातीला केस नीट सापडत नव्हते, मग अंगठ्याने दाबून दाबून कापत होती. तिच्या त्या उभं राहण्यातच काहीतरी खटकत होतं. नेमकं काय, ते थोरलीला सापडेना.

पाठ झाली. पाय झाले. उजवा कान झाला. फौजदाराने एकदा जांभईसुद्धा दिली. मग धाकटी वळसा घालून डाव्या बाजूला आली.

 थोरलीला टाके आठवले, त्या रात्रीची ठसठस आठवली. एक हाक मारली असती तर पुरे होतं. हाक तिच्या ओठांपर्यंत आली. तिने ती गिळली.

धाकटीने कानाला हात लावलाच नाही. कोमट पाण्यात टॉवेल पिळला, कानाखाली नुसता धरला आणि थांबली. किती वेळ थांबली! फौजदाराने हळूहळू आपणच डोकं टॉवेलवर टेकलं. मग कात्रीची टोकं चारदा वाजली, आणि कान मोकळा झाला.

"कमाल आहे बाई तुमची!" मास्तर म्हणाले. "याने तिथे कुणाला कात्री लावू दिलेली मी अजून पाहिली नाही."

"ताईंना चावला तेव्हा मी बाकावरच होते ना," धाकटी म्हणाली. "तेव्हाच कळलं, कान दुखतोय याचा. डॉक्टरांना दाखवून घ्या, मास्तर. आतून वास येतोय."

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सहा महिन्यांचा कोर्स, तीन टाके, आणि कान दुखतोय हे आपल्याला सुचलं नाही! ती तरातरा अंगणात आली. काहीतरी चूक दाखवायचीच होती, कुठलीही चालली असती.

धाकटी मास्तरांना पुढच्या वेळेची तारीख कागदावर लिहून देत होती. मास्तर फौजदाराला घेऊन फाटकाबाहेर पडले. थोरली मात्र तिथेच थबकून धाकटीच्या हाताकडे बघत राहिली. पेन उजव्या हातात होतं. आणि डाव्या हाताच्या अंगठ्याला, कात्रीच्या कडीने, हा एवढा घट्टा पडला होता.

"तू उजव्या हाताने लिहितेस?"

"हो. का हो, ताई?"

"मग केस डाव्या हाताने का कापतेस?"

धाकटी गोंधळली. आपलं काही चुकलं की काय, अशा नजरेने तिने आधी आपल्या हाताकडे बघितलं, मग थोरलीच्या.

"कुत्र्यांचे केस डाव्याच हाताने कापतात ना? तुम्ही तसेच कापता. मला हात बसवायला वर्ष लागलं, ताई."