प्रयोगशाळेचं कुलूप

"बाईंचा प्रत्येक शब्द आम्ही झेलला," संस्थेचे अध्यक्ष गुमास्तेबाईंच्या शोकसभेत म्हणाले आणि आम्ही मुलींनी ओठ चावले. प्रयोगशाळा उघडा, ही बाईंची एकच मागणी त्यांनी सहा वर्षं उडवून लावली होती. मुली काचा फोडतात म्हणे! मग बाई घरचे ग्लास आणून जिन्यात विज्ञान शिकवायच्या.

अध्यक्षांनी कोरडेच डोळे पुसले. "प्रयोगशाळेला बाईंचं नाव देऊ."

मी माइकच ओढला. "सर, आधी उघडू या. आत्ताच."

"अगं, किल्ली शोधावी लागेल."

"शोधायची कशाला, साहेब?" मागून शिपाईमामा ओरडले. "बाईंना देऊ नको म्हणून तुम्हीच माझ्या कमरेला बांधायला लावलीत ना!"

दोन मिनिटांची शांतता राहूनच गेली. आम्ही केव्हाच मामांच्या मागे धावत सुटलो होतो.