काय म्हनल्या अत्याबाई?

"उण्णाक बा, मगा." जेवायला ये रे बाळा. अव्वाचा, म्हणजे आईचा, तो दबका आवाज श्रीशैलच्या कानात चाळीस वर्षं बसून होता. आजोबांना घरात कानडी चालत नसे. म्हणून भालकीहून उदगीरला नांदायला आलेली गौरम्मा दिवसभर मराठी बोलायची आणि मागच्या पडवीत, धाकट्या श्रीशैलला घास भरवताना तेवढी माहेरी जाऊन यायची.

आता ती कायमचीच तिकडे गेली होती. आधी नातवंडांची नावं गेली, मग वार-महिने, मग मराठी. कल्हई उडून आतलं तांबं दिसावं, तशी कानडी तेवढी उरली. आणि घरात ती कळायची एकट्या श्रीशैलला.

त्यामुळे दुपारी भांड्याच्या दुकानाचं शटर ओढून तो जेवायला आला, की रुद्राणी भाकरी थापता थापता विचारायची, "काय म्हनल्या अत्याबाई?"

आणि तो बायकोला खोटं सांगायचा.

सुरुवात दोन वर्षांपूर्वी झाली. अव्वा सुनेकडे बोट करून म्हणाली होती, "ई कळ्ळीन होरग हाक." ह्या चोरटीला बाहेर काढ. रुद्राणी नुकतीच तिचं अंथरूण धुऊन, कंबरेला हात लावून उभी होती. श्रीशैलच्या तोंडून निघून गेलं, "म्हणती, ही हाय म्हणून मी हाय."

रुद्राणी बघतच राहिली. "वीस वर्षांत एकदा 'बरं केलंस' म्हनल्या न्हाईत. आन् आता?"

मग ते रोजचंच झालं. अव्वा चोरटी म्हणाली की हा लक्ष्मी म्हणायचा. उपाशी मारते म्हणाली की हा म्हणायचा, "हिच्या हाताला लई चव हाय म्हणती." दुकानात गिऱ्हाइकाला बोलून बोलून दमवणारा श्रीशैल घरात हां-हूंच्या पुढे कधी गेला नव्हता. अव्वाच्या नावावर मात्र शब्द सुचायचे. एकदा तर म्हणाला, "हिरवं लुगडं तुला शोभून दिसतं म्हणती."

"अगं बाई! मोतीबिंदूतून दिसलं व्हय त्यांना?" रुद्राणी हसली होती.

पण आताशा तो थकला होता. अव्वाची जीभ रोज धारदार होत होती आणि रुद्राणीचा कंबरेचा पट्टा सुटत नव्हता. गेल्या पावसाळ्यात रुद्राणीनंच अंथरूण धरलं, तेव्हा त्यानं लातूरच्या एका वृद्धाश्रमात अव्वाचं नाव घालून ठेवलं होतं. आज सकाळी तिथून फोन आला. जागा झाली होती. संध्याकाळपर्यंत काय ते कळवायचं होतं.

राबायचं रुद्राणीला, तेव्हा ठरवायचंही तिनंच. पण खोट्यावर कसं ठरवू द्यायचं? आणि खरं सांगितलं, तर कोणती सून ठेवून घेईल? अव्वा गेली असती लातूरला. पाणी मागितलं तरी न कळणाऱ्या माणसांत.

तो पाटावर बसला. कोपऱ्यातल्या बाजेवरून अव्वा पुटपुटली, "नीर." त्यानं तोंड उघडायच्या आत रुद्राणीनं तिच्या ओठाला पेला लावला. हाताला सवय झाली बिचारीच्या, त्याला वाटलं.

त्यानं फोनचं सांगितलं. रुद्राणी भाकरी थापत राहिली. विभूती विस्कटलेल्या कपाळाला आठ्या घालून अव्वा मात्र कानडीत बोलत सुटली. ही चेटकीण मला मारून टाकणार. माझी बोरमाळ हिनंच गिळली. हिच्या माहेराला आग लागो.

तव्यावर रुद्राणीचा हात थबकला. तिनं बोटं झटकली. चटका बसला असावा.

"काय म्हनल्या?"

श्रीशैलला आज एक शब्द सुचेना. "काही न्हाई. असंच."

"असंच कसं? एवढं मोठं बोलून राहिल्या." तिनं भाकरी त्याच्या ताटात टाकली. "लातूरला न्हाई धाडायचं त्यांना. कळवून टाका. एवढं गोड बोलणारं माणूस कोण घराबाहेर काढतं?"

मोडलेला घास त्यानं ताटातच ठेवला. जे हवं होतं ते मिळालं होतं, पण ते असं गिळवेना.

"रुद्राणी, ऐक. अव्वा तसं..."

"जेवा आधी."

"न्हाई. आज सांगू दे. दोन वर्षं झाली, मी तुला..."

तिनं गॅस बंद केला. पदराला हात पुसत त्याच्या समोर येऊन बसली.

"मी सांगू? तुम्ही दिवसभर दुकानात. त्यांच्या उशाशी बसून कोण राहतं? लेकरू आईपाशी राहून बोलाया शिकतं, तशी शिकले मी. वरीस व्हायच्या आत समदं कळाया लागलं. चोरटी, चेटकीण, समदं." तिनं खाली बघितलं. "अत्याबाई काय म्हनतात, ते विचारतच नव्हते मी. तुम्ही काय म्हनता, ते ऐकायचं असायचं."